सायबर कक्षातली विहीणबाई

पोलिसात होते म्हटलं की लोक खुर्ची जवळ ओढतात. त्यांना खून ऐकायचा असतो. माझ्याकडे सांगायला खून नाही. नोकरीची शेवटची वर्षं नागपूरच्या सायबर कक्षात गेली, आणि तीही तपासात नव्हे, तर दारातून आत आल्या आल्या डाव्या हाताला जे तक्रारीचं टेबल असतं त्या टेबलावर. तिथं रक्त नाही, चाकू नाही, पळणारा आरोपी नाही. समोरच्या खुर्चीत मुठीत फोन धरून एक माणूस बसलेला असतो, आणि घसा खाकरून तो सांगतो, "मॅडम, माह्या एका मित्रासोबत जरा असं झालं."

हा मित्र माझ्या फार ओळखीचा झाला होता. कधी त्याचा रामदासपेठेत दवाखाना असे, कधी तो बुटीबोरीच्या कारखान्यात सुपरवायझर असे, एकदा तर तो वकील होता. प्रत्येक वेळी त्याने कुठल्यातरी लिंकवर बोट ठेवलेलं असे, आणि प्रत्येक वेळी तो स्वतः यायला लाजलेला असे. मी ऐकून घ्यायची. पण मनात घड्याळ चालू असायचं, कारण आमच्या कामात वेळ हीच सगळी गोष्ट आहे.

बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगते. चोरलेला पैसा एका जागी थांबत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून फुटून आणखी तीन-चार खात्यांत, आणि मग कुठल्यातरी परक्या गावच्या एटीएममधून नोटा होऊन बाहेर. नोटा झाल्या की संपलं. त्याआधी हेल्पलाइनला आणि बँकेला कळलं, तर पैसा जिथं असेल तिथं अडवता येतो. म्हणून फसल्याबरोबर रडत बसायचं नाही, घरच्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करायची नाही. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आधी तक्रार लावायची. आपल्या फोनचं इंटरनेट बंद करायचं. आलेले मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा असतो. आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगायचं, की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. हे शेवटचं काम सगळ्यात सोपं, आणि तेच कुणी करत नाही.

लोक काय काय करतात ते मात्र पाहिलंय. कामठी रोडच्या एका किराणा दुकानदाराला बँकेतल्या मुलीने फोनवर सांगितलं, की सर, खातं फ्रीज करून राहिलो आहोत, तुम्ही मोबाइल पण बंद करा. घाबरलेल्या माणसाच्या कानात यातलं जेवढं शिरलं तेवढं शिरलं. त्याने मोबाइल फ्रीजमध्ये ठेवला, वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीखाली. आमच्याकडे आणला तो स्टीलच्या डब्यात घालून. तो गेल्यावर आम्ही खूप हसलो. नंतर आमच्या तांत्रिक माणसाने फोन उघडला आणि म्हणाला, हसू नका, चोर याच्या फोनमध्ये बसून व्यवहार करत होता, आणि थंडीने फोन बंद पडला म्हणून पुढचे व्यवहार झालेच नाहीत. तेव्हापासून मी तक्रारदाराला हसणं सोडून दिलं.

तर गजभिये गुरुजी. कन्हानच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, घरात ते आणि मुलगी शिल्पा. एका बुधवारी दुपारी ते माझ्या टेबलासमोर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याही मित्रासोबत तसंच झालं होतं. मित्राला एका जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. पत्रिका म्हणजे चित्र नव्हतं, फोनमध्ये भरायचं ॲप होतं. ते परवानगी मागत गेलं आणि मित्र देत गेला.

"एवढ्या परवानग्या काहून दिल्या?" मी विचारलं.

"लग्नाचं काम होतं," गुरुजी म्हणाले. "नाही म्हणणं बरं दिसत नाही."

मी तक्रार भरायला घेतली. मित्राचा खाते क्रमांक विचारला, त्यांना पाठ होता. मित्राच्या आईचं नाव विचारलं, तेही चटकन आलं. मित्राची जन्मतारीख सांगता सांगता मात्र त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मित्राच्या जागी त्यांचं नाव लिहिलं. पुढे आम्ही कोणी मित्राचा विषय काढला नाही.

त्यांची लाज मला नंतर समजली. गुरुजी कन्हानच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव होते, आणि नुकतंच त्यांनी मंडळात 'मोबाइल वापरताना सावधान' या विषयावर भाषण दिलं होतं. स्वतः रंगवलेल्या तक्त्यांसकट.

ते वेळेत आले होते, त्यामुळे बराचसा पैसा वाटेत अडला. मी त्यांना सांगितलं, फोन बंद करून ठेवा, सोमवारी घेऊन या, आमचा माणूस साफ करून देईल. आणि आजच्या आज दुसऱ्या फोनवरून सगळ्यांना कळवा. तुमच्या फोनवरून तीच पत्रिका तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना गेली असणार. गुरुजींनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी फोन बंद केला, कपाटात ठेवला, शिल्पाला सांगितलं की पाण्यात पडला. लाजेने घराबाहेर पडले नाहीत, आणि कळवलं कोणालाच नाही.

आता त्या मेसेजमध्ये काय होतं ते ऐका. आमच्या घरी मंगलकार्य आहे, येत्या रविवारी सहकुटुंब अगत्य यावे, पत्रिका सोबत जोडली आहे. नाव नाही, गाव नाही, ठिकाण नाही. पण तो गजभिये गुरुजींच्या नंबरवरून आला होता, आणि गुरुजींच्या घरी लग्नाचं माणूस एकच. शिल्पा. ती रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. पस्तिशी ओलांडलेली. लग्न करायचं नाही असं तिने कधीचं सांगून टाकलं होतं आणि नातेवाइकांनी ते कधीच ऐकलं नव्हतं. त्यामुळे मेसेज मिळताच सगळीकडे आनंद झाला. गुरुजींना फोन लावला तर बंद. म्हणजे बिचारा तयारीत असेल, पोरीचा बाप. नवरीला काय विचारायचं म्हणून शिल्पाला कोणी विचारलं नाही, आणि वडिलांचे रोजचे सुप्रभात ती उघडतच नसे, त्यांत हाही मेसेज राहून गेला. ज्यांची पत्रिका उघडली नाही त्यांनी ज्यांनी उघडली त्यांना विचारलं, आणि ज्यांनी उघडली त्यांनाही आत काहीच दिसलं नव्हतं, पण तसं म्हणणं कमीपणाचं वाटून त्यांनी सांगितलं, कन्हानलाच असेल, ठवकरांच्या लॉनवर. गजभियांची सगळी लग्नं तिथंच झाली होती.

मग लोकांनी ठवकरांना फोन केले. लग्न किती वाजता? गाड्या कुठं लावायच्या? ठवकरांच्या वहीत त्या रविवारी काहीच नव्हतं. पण आदल्या हंगामात त्यांच्याकडून एक तारीख खरोखरच विसरली गेली होती, वऱ्हाड दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि तो अपमान त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी मानलं की आपण पुन्हा विसरलो. गुरुजींचा फोन लागेना आणि समोर जाऊन 'तुमचं लग्न मी विसरलो' म्हणायची छाती होईना. म्हणून त्यांनी अंदाजाने तयारी केली. मांडव, खुर्च्या, आचारी, बँड. गुरुजी जुने गिऱ्हाईक, पैशाचं नंतर पाहू.

रविवारी सकाळी मी ड्यूटीवर होते. फोन वाजला.

"मॅडम, मी शिल्पा गजभिये. आज दुपारी माझं लग्न आहे असं मले आत्ताच कळलं. काय करावं लागते?"

आवाज अगदी शांत. लॅबमध्ये राहून सवय झाली असेल. ठवकरांनी कुणाकडून तरी लॅबचा नंबर मिळवला होता आणि हार मोगऱ्याचे की गुलाबाचे, एवढंच विचारलं होतं. मग तिने घराशेजारच्यांच्या फोनवर वडिलांना गाठलं, तेव्हा कुठं त्यांनी सगळं कबूल करून माझं नाव सांगितलं. मी तिला म्हटलं, तू वडिलांना घेऊन लॉनवर ये, मी निघते. मला लग्नाची काळजी नव्हती. त्या लॉनवर जमलेल्या प्रत्येकाच्या खिशात ते ॲप असू शकत होतं. आणि असं ॲप लगेच चावत नाही. आत बसून राहतं, बँकेचे मेसेज वाचत, आणि मग एखाद्या सुट्टीच्या दुपारी, बँका बंद असताना, हात घालतं.

सोबत उईके हवालदार निघाला. ऑफिसची गाडी नव्हती म्हणून त्याचीच. इथं आमचे कपडे सांगितले पाहिजेत. सायबर कक्षात आम्ही बहुधा साध्या कपड्यांत असायचो. उईकेने त्या दिवशी बायकोने घेतलेला मोतिया रंगाचा कुर्ता घातला होता. मला संध्याकाळी भाचीच्या मुलाच्या बारशाला जायचं होतं, म्हणून मी जरीकाठाची साडी नेसले होते. आणि उईकेची गाडी नुकतीच धुतलेली होती.

लॉनच्या कमानीशी गाडी थांबली आणि बँड सुरू झाला.

मी काही बोलायच्या आत दोन बायांनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मला हात धरून उतरवलं. उईकेच्या गळ्यात हार पडला. तो हार काढू लागला तर एका म्हाताऱ्या बाईने त्याचा हात दाबून धरला. या कौसल्याबाई, गुरुजींच्या थोरल्या बहीण, बुटीबोरीला मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनी उईकेला वरून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वय जरा जास्त वाटून राहिलं, पण शांत हाय." मग त्यांनी मला मिठी मारली. म्हणाल्या, "विहीणबाई, लय वाट पाहाले लावली तुम्ही."

मी सांगितलं, मी पोलीस आहे. त्या म्हणाल्या, चांगलं आहे नं, सरकारी नोकरी पाहिजेच. उईकेने सांगितलं की तो हवालदार आहे. त्यांनी तेही मागे वळून सगळ्यांना सांगितलं, नवरदेव पोलिसात आहे. उईके म्हणाला, माझं लग्न झालेलं आहे, दोन लेकरं आहेत. पण तेव्हा बँड जोरात होता.

आत मांडव भरलेला. स्टेजवर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, मागे 'गजभिये परिवार आपले स्वागत करीत आहे' असा फलक. एका बाजूला बुटीबोरीच्या कारखान्यातले कामगार ओळीने बसलेले, केस विंचरून, धुतलेले शर्ट घालून, बहुतेक दुसऱ्या राज्यांतले. कौसल्याबाईंच्या फोनने पत्रिका मुलाला पाठवली होती, मुलाच्या फोनने ती कारखान्यात नेली, आणि त्याच्या हाताखालच्या लोकांना वाटलं की साहेबांच्या घरचं कार्य आहे. नाही गेलो तर बरं दिसणार नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते एवढ्या लांब आले होते. लग्न लावणारे बौद्धाचार्यही हजर होते. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन, त्यांना मेसेज आलाच नव्हता. पण गावात चर्चा ऐकून त्यांना वाटलं, गुरुजी गडबडीत सांगायचे विसरले असतील.

शिल्पा आणि गुरुजी अजून पोचले नव्हते. थांबण्यात अर्थ नव्हता. मी स्टेजवर गेले, माइक घेतला आणि सांगितलं की सगळ्यांनी आपापल्या फोनचं इंटरनेट ताबडतोब बंद करा आणि पत्रिकेचं जे ॲप आलंय त्याला हात लावू नका.

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळून म्हणाला, "विहीणबाईंचं म्हणणं हाय, फोटो काढू नका."

मी पुन्हा सांगितलं, की ही फसवणूक आहे, लग्न नाही. यावर मात्र कौसल्याबाईंचा चेहरा उतरला. त्या स्टेजखाली येऊन हळू आवाजात मला विचारू लागल्या, की आमच्याकडून काही कमी पडलं का, मानपानाचं काही राहिलं असेल तर सांगा, पण भर मांडवात असं मोडू नका. ठवकरही घाईने आले आणि जेवण गरम आहे एवढंच सांगून गेले. तीस वर्षांच्या नोकरीत मी जमाव पांगवला होता, मोर्चे अडवले होते. पण मला नवऱ्या मुलाची आई समजलेल्या जमावाला काय सांगावं, ते प्रशिक्षणात नव्हतं.

तेवढ्यात शिल्पाची स्कूटर आली. ती लॅबच्या पांढऱ्या कोटातच होती. मागे गुरुजी. ते कमानीपाशीच उतरले आणि तिथंच खांबाला धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, तुम्हीच सांगून टाका मॅडम, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, गुरुजी, माझं ऐकून झालंय, मी मुलाची आई आहे.  शिल्पाने वडिलांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

गुरुजी स्टेजवर गेले. माइक दोन्ही हातांनी धरला. समोर त्यांचे विद्यार्थी, भाऊबंद, मंडळाचे म्हातारे, सगळे.

"माह्या पोरीचं लगन नाही," ते म्हणाले. "पत्रिका खोटी हाय. ती उघडून मी फसलो. बुधवारीच समजलं होतं, पण सांगाची लाज वाटली, म्हणून तुम्हाले सांगतलं नाही. तुमच्यापैकी ज्यानं ज्यानं ती उघडली, त्याच्या बँकेतले पैसे आता माह्यामुळं जाऊ शकते."

 ते माइक माझ्या हातात देत होते तोच एक फोन टुणकन वाजला. कौसल्याबाईंचा. त्यांनी तो डोळ्यांपुढे धरला, मग सवयीने माझ्याकडेच आणला. "विहीणबाई, पाहा बरं काय आलं."

बँकेचा मेसेज होता. पैसे गेले होते. मी वाचत असतानाच दुसरा आला. नवऱ्याच्या फंडाचा पैसा होता तो, घरावर स्लॅब टाकायला ठेवलेला. मी त्यांच्या फोनचं इंटरनेट बंद केलं. उईकेचा फोन बाहेर गाडीत राहिला होता, माझा खुर्चीवर ठेवलेल्या पर्समध्ये. बौद्धाचार्यांनी आपला बटणांचा फोन माझ्या हातात ठेवला. मी स्पीकरवर हेल्पलाइन लावली. माइक माझ्या दुसऱ्या हातात तसाच होता, तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, त्यामुळे तिकडचं सगळं बोलणं भोंग्यांतून मांडवभर जात होतं. आधी वाद्यसंगीत वाजलं. अख्खं वऱ्हाड मान खाली घालून ते ऐकत होतं. मग पलीकडच्या मुलीने कोणती बँक, कोणतं खातं विचारलं. कौसल्याबाईंनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेलं पासबुक काढलं. मी आकडे वाचले, मुलीने ते पुन्हा म्हणून दाखवले, आणि एक आकडा चुकला तेव्हा मांडवातून दहा-बारा लोकांनी तो दुरुस्त केला. तक्रार क्रमांक मिळाला, तो उईकेने तळहातावर लिहून घेतला. हार अजून त्याच्या गळ्यात होता. काढायला कुणी मोकळं नव्हतं.

पण बाकीच्यांचं काय? मी माइकवर विचारलं, पत्रिका कोणी कोणी उघडली. एकही हात वर झाला नाही. सगळे एकमेकांकडे पाहत होते. हे मला टेबलावरून माहीत होतं. इथं सगळ्यांचाच मित्र फसलेला होता.

शिल्पा पुढे आली. तिने माइक घेतला नाही. लॅबमध्ये सकाळी नमुने द्यायला आलेल्या लोकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "ज्यायनं उघडली ते डाव्या बाजूले या. ज्यायनं नाही उघडली ते उजव्या बाजूले."

कोणी हललं नाही. तेव्हा गुरुजी स्टेजवरून उतरले, मांडवाच्या मधून चालत डाव्या बाजूला गेले आणि तिथं एकटेच उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. थोड्या वेळाने कौसल्याबाई जाऊन भावाशेजारी उभ्या राहिल्या. मग ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष उठले. त्यांच्यामागे त्यांची सून. मग बुटीबोरीची अख्खी रांग उठली. बघता बघता डावी बाजू इतकी भरली की उजवीकडच्यांना चुकल्यासारखं वाटू लागलं, आणि एक आजोबा, ज्यांच्याकडे फोनच नव्हता, तेही डावीकडे येऊन उभे राहिले.

पुढचं काम सोपं होतं, फक्त खूप होतं. बौद्धाचार्यांनी मोठ्या आवाजात सगळ्यांना बसायला सांगितलं, आणि लोक बसले, कारण त्या जागी, त्या आवाजात बसायला सांगितलं की बसायचं हे त्यांना ठाऊक होतं. मी एकेक पायरी सांगत गेले. इंटरनेट बंद. पत्रिकेच्या पडद्याचा फोटो शेजारच्या फोनने काढून ठेवा. मग ॲप काढा. निघत नसेल तर हात वर करा, उईके येईल. उईके हार सांभाळत रांगेतून फिरला. ज्यांना पैसे गेल्याचे मेसेज आले होते, त्यांच्या तक्रारी शिल्पाने उजवीकडच्या लोकांच्या फोनवरून एकामागून एक लावल्या. ज्यांचं अजून काही गेलं नव्हतं त्यांनी बँकेला फोन करून खाती थांबवली. पासवर्ड घरी जाऊन दुसऱ्या फोनवरून बदला म्हणून सांगितलं. आणि शेवटी मी म्हटलं, की तुमच्याकडून ही पत्रिका ज्यांना गेली त्या सगळ्यांना आत्ता इथून, उजवीकडच्या माणसाचा फोन घेऊन, कळवा. काय सांगायचं असं एकाने विचारलं. गुरुजी म्हणाले, "सांग, गजभिये मास्तर फसला, अन् मीबी फसलो."

मांडवभर तेच एक वाक्य ऐकू येऊ लागलं. प्रत्येक जण कोणाला तरी सांगत होता, गजभिये मास्तर फसले. गुरुजी खुर्चीवर बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते चक्क हसत होते.

हे सगळं आटोपलं तेव्हा ठवकर येऊन उभे राहिले. जेवण तयार होतं. गुरुजी म्हणाले, बिल मी देईन. ठवकर म्हणाले, विसरलो मी नव्हतो, हे कळलं तेवढंच पुरे, किराण्याचे द्या. मग पंगत बसली. मला बारशाला जायचं होतं, पण मला आणि उईकेला पहिल्या पंक्तीतून उठू दिलं नाही. कौसल्याबाई स्वतः वाढत होत्या. मी पोलीस आहे हे त्यांना आता पटलं होतं, पण आग्रह विहिणीचाच चालू होता.

जेवणानंतर अडचण आली ती आहेरांची. लोकांनी कुकर, ताटांचे संच, पातेली, चादरी आणल्या होत्या आणि परत कोणी नेईना. गुरुजी एकेकाच्या मागे जाऊन हात जोडत होते. कौसल्याबाईंनी त्यांना थांबवलं. मग त्या शिल्पापुढे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता स्थळांची नावं निघणार.

"हे पाह्य पोरी," त्या म्हणाल्या, "तुह्या लग्नाचा आहेर द्याचा होता, तो दिला. तुह्या लग्नात जेवाचं होतं, ते जेवलो. आता तू लगन कर का नको करू, आमचं काही राहिलं नाही."

शिल्पाने विचारलं, "नक्की नं आत्या?"

"नक्की. कुकर चांगला हाय, वापर."

कौसल्याबाईंचे बरेचसे पैसे वाटेत अडले. ते हातात यायला कोर्टाचे कागद, बँकेच्या चकरा यांत दिवस गेले, पण आले, आणि स्लॅब पडला. गुरुजींचे थोडे बुडाले, आणखी काही जणांचेही. चोर सापडला नाही. पहिलं खातं ज्याच्या नावावर निघालं तो दूरच्या एका राज्यातला हातगाडीवाला होता. त्याने चार पैशांसाठी खातं कुणाला तरी वापरायला दिलं होतं, आणि त्याला कन्हान कुठं आहे हेही माहीत नव्हतं. त्याच्यापलीकडे आम्ही पोचलो नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या बहुतेक तक्रारींचं असंच झालं, आणि निवृत्त झाल्यावरही ते सलतं. पैसा अडवण्यात आम्ही पटाईत झालो, माणूस अडवण्यात नाही.

उईकेच्या बायकोला कुणीतरी हार घातलेला फोटो पाठवला. विहीणबाईंचं म्हणणं फोटो न काढण्याचं होतं तरी. तिला समजावून सांगायला मला स्वतः त्याच्या घरी जावं लागलं.

शिल्पाने पुढे हॉस्पिटलजवळ एक छोटं घर भाड्याने घेतलं. भांडी घ्यायची गरज पडली नाही. गुरुजी शनिवार-रविवार तिच्याकडे असतात. मंडळात ते अजून भाषण देतात, तेच तक्ते घेऊन, पण सुरुवात आता स्वतःपासून करतात आणि गर्दी जास्त असते.

मध्यंतरी नागपुरातच एका लग्नात मला कौसल्याबाई भेटल्या. खरं लग्न होतं, मुलगा-मुलगी दोन्ही हजर. आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांची कुणी लांबची नातेवाईक आली, इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने विचारलंच, गजभिये गुरुजींच्या शिल्पाचं लग्न झालं का हो?

"झालं नं वं," कौसल्याबाई म्हणाल्या. "कन्हानले झालं. मी होती तिथं. वांग्याची भाजी लय मस्त होती."